खांबेटे देणं लागतात

उदय खांबेटे आजवर कुणाचं काही देणं लागले नाहीत, असं कॉव्हेंट्रीच्या मराठी मंडळींत कौतुकानं सांगितलं जाई. सांगणारा मात्र सांगून झाल्यावर क्षणभर गप्प बसे, कारण अशा माणसाशी मैत्री करायची कशी, हा प्रश्न त्याला नेमका तेव्हाच पडे. खांबेट्यांकडे कुणी सोमवारी अळूवड्या पाठवल्या तर बुधवारी त्या घरी सुरळीच्या वड्या पोचत. तेवढ्याच. कुणी गाडीतून स्टेशनवर सोडलं तर उतरल्यावर सीटवर नाणी सापडत, पार्किंगचे धरून. हॉस्पिटलात त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईनं कायमचं ऑस्ट्रेलियाला जायच्या दिवशी त्यांना चहा पाजला, तेव्हा त्या चहाचे पैसे त्यांनी पोस्टानं पर्थला धाडले. पोस्टाचं तिकीट चहाहून महाग पडलं. पण फिट्टंफाट झाली.

फिट्टंफाट हा त्यांचा आवडता शब्द. एकतीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्तगट जुळवण्याचं काम केलं. तिथे ‘साधारण जुळतंय’ असं म्हणून चालत नाही. निवृत्तीनंतर लॅब सुटली, सवय राहिली.

त्यांची बायको मीनाक्षी ही अगदी दुसऱ्या टोकाची. स्वयंपाकघरात निदान एक भांडं दुसऱ्याचं असल्याशिवाय तिला घर भरल्यासारखं वाटत नसे. आपली कढई कुठल्या घरी आहे हे तिला विचारलं की ती म्हणे, “असेल हो कुठंतरी, सुखात असेल.” आणि ती बहुतेक वेळा शेजारी, जीन गिलेस्पीकडे असे.

जीन पेझलीची. स्कॉटलंडमधून लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याला इथल्या मोटारीच्या कारखान्यात नोकरी होती. पुढे कारखाना गेला, मग नवरा गेला. तिची भाषा मात्र साठ वर्षांत पेझलीहून हलली नाही. खांबेट्यांना डॉक्टरांचं इंग्रजी समजे, बातम्यांचं समजे, प्राप्तिकर खात्याचंसुद्धा समजे. जीनचं समजत नसे. मीनाक्षीला पहिल्या दिवसापासून समजलं. ती तासगावची. ती म्हणाली, “अहो, आमची मोठी मावशी मराठी बोलते ना, तसंच ही इंग्रजी बोलते. त्यात न कळण्यासारखं काय आहे?” आणि तिनं कुंपणाशी उभं राहून भाषांतर सुरू केलं, तासगावच्या मराठीत.

तीस वर्षं हे असं चाललं. जीन तिच्या भाषेत बोलायची, मीनाक्षी मावशीच्या आवाजात सांगायची, आणि खांबेटे मान डोलवायचे. शेवटी अशी पाळी आली की जीननं नुसतं तोंड उघडलं तरी खांबेट्यांना मधलं इंग्रजी ऐकूच येईना. थेट तासगावच ऐकू यायचं.

“तुझा दादला झाडं लावतोय का झाडांची हजेरी घेतोय?” हे जीननं गुलाबांच्या ओळीकडे बघून विचारलेलं वाक्य त्यांच्या कानात असंच राहिलं होतं.

आता मनोजची गोष्ट. एका वर्षी खांबेट्यांच्या लक्षात आलं की मीनाक्षी दर शुक्रवारी दहा पाउंड मनोजला देते. त्यांनी तीन आठवडे दम धरला. चौथ्या आठवड्यात विचारलं, “हा मनोज कोण?” मीनाक्षी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मनॉज म्हणजे भिशी. जीनच्या आईनं पेझलीत चालवली, जीननं इथे चालवली. रस्त्यावरची वीस माणसं, दर शुक्रवारी चारला जीनच्या पुढच्या खोलीत दहा-दहा पाउंड, आणि वीस आठवड्यांत एकेकदा प्रत्येकाच्या हाती दोनशे. नंबर जीनच्या नवऱ्याच्या लोकरी टोपीतून काढायचे. पहिला नंबर तेवढा काढायचा नाही, तो चालवणारीचा. बाकीच्यांपैकी ज्याला नड असेल त्यानं लवकरचा नंबर मागून घ्यायचा, दुसऱ्यानं कुरकुर न करता बदलून द्यायचा.

“यात फायदा काय?” खांबेट्यांनी विचारलं. “व्याज नाही.”

“फायदा काय म्हणजे? दर शुक्रवारी वीस माणसं एकमेकांच्या घरी येतात.”

“म्हणजे लवकर नंबर लागला तर उरलेले आठवडे तू अख्ख्या रस्त्याची देणेकरी.”

“हो,” मीनाक्षी म्हणाली. “मजा असते.”

खांबेट्यांना ती मजा कळली नाही. जीननं कुंपणापलीकडून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून काहीतरी म्हटलं आणि मीनाक्षीनं ते फार खुशीत पोचवलं: “ह्या मानसाला मनॉजबी चालवाय जमायचं न्हाई.” स्कॉटलंडात म्हणे ही शिवी आहे. ज्याला काहीच धड चालवता येत नाही, त्याला देतात. जीन ती कौन्सिलला द्यायची, कारखाना बुडवणाऱ्या मॅनेजरांना द्यायची, प्रत्येक पंतप्रधानाला द्यायची. त्या यादीत आपण बसलो याचं खांबेट्यांना थोडं बरंही वाटलं.

मीनाक्षी मार्चमध्ये आजारी पडली. ऑक्टोबरअखेर गेली. त्या मधल्या महिन्यांत जीन दर मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी येऊन तिच्याजवळ बसे, म्हणजे खांबेट्यांना औषधं, बाजार आणि अर्धा तास कुठेतरी नुसतं उभं राहणं जमे. जीन तेव्हा एक्याऐंशीची होती. आत काय बोलणं चाले ते खांबेट्यांनी कधी विचारलं नाही. हसण्याचा आवाज यायचा, एवढं पुरे होतं. सप्टेंबरात मीनाक्षीची पाठ धरली तेव्हा घरात एक मागे रेलणारी खुर्ची आली. “सेलमध्ये मिळाली,” मीनाक्षी म्हणाली. शेवटी ती त्याच खुर्चीत बसायची, आणि समोर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर जीन.

तेराव्यानंतर खांबेटे कामाला लागले. लायब्ररीची पुस्तकं परत केली. मंडळाचं मोठं पातेलं घासून पोचवलं. भेटायला आलेल्या छप्पन्न माणसांना छप्पन्न पत्रं लिहिली. मग एकच देणं उरलं, आणि ते सगळ्यात मोठं. त्यांनी कागद घेतला. एकसष्ट दुपारी. दर दुपारी तीन तास. एजन्सी घरी येणाऱ्या बाईला देते तो दर, तासाला तेरा पाउंड. दोन हजार तीनशे एकोणऐंशी.

जीनची एक काचेची बेकिंग डिशही घरात होती. ती त्यांनी धुऊन, पुसून घेतली. भांडं रिकामं परत करू नये हा संस्कार त्यांना होता. म्हणून त्यांनी त्यात चेक ठेवला, सोबत चार ओळींची चिठ्ठी, आणि डिश जीनच्या दारात ठेवून आले. संध्याकाळी वाटलं, झालं. फिट्टंफाट.

दुसऱ्या दिवसापासून जीन बोलेनाशी झाली.

भांडण नाही, तंटा नाही. कुंपणापाशी ती दिसे आणि “मॉर्निंग” म्हणे. स्वच्छ, बिनचूक, बीबीसीच्या इंग्रजीत. खांबेट्यांना ते इंग्रजी अगदी नीट समजलं, आणि त्यात तासगाव नव्हतं. कचऱ्याचा डबा गुरुवारी रस्त्यावर ओढून न्यायची तिची सवय होती, स्वतःचा नेताना यांचाही. आता यांचा जागेवरच राही. चेक बँकेत वटला नाही. परतही आला नाही.

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. मीनाक्षीचा फोटो भिंतीवर होता, आवाज फोनमध्ये होता, साडेतीन मिनिटांचा, कुणाच्या तरी बारशातला. पण मीनाक्षी त्यांच्या घरात बोलायची ती खरी जीनच्या तोंडून, आणि ते तोंडच त्यांनी तासाला तेरा पाउंडांनी बंद केलं होतं. हे त्यांना कळायला सात आठवडे लागले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या अंगणात विक्रीची पाटी लागली. कोपऱ्यावरचे बलबीर सिंग म्हणाले, मार्चअखेर मुलगा तिला मेडनहेडला घेऊन जातोय. डोळे अधू झालेत, एकटीनं कसं राहणार.

त्याच आठवड्यात त्यांची मुलगी तनया मँचेस्टरहून आली. चौतिसाव्या वर्षीही तिच्या मराठीत लिंगं आपापल्या मर्जीनं बसत.

“बाबा, ही कॅलेंडर अजून ऑक्टोबरवर आहे. मी काढू?”

“राहू दे.”

“जीन दिसली नाही. आली नाही ती?”

खांबेट्यांनी सांगितलं. डिश, चेक, एकसष्ट दुपारी. हिशोबाचा कागदही दाखवला, कारण तो बरोबर होता.

तनयानं कागद वरपासून खालपर्यंत वाचला. “बाबा, तुम्ही जीनला इनव्हॉइस दिला?”

“इनव्हॉइस ती देते. मी पेमेंट केलं.”

“बाबा.”

“काय?”

“डिशमध्ये आई निदान चिवडा तरी ठेवायचा.”

एवढं बोलून तिनं खिळ्यावरून कॅलेंडर काढलं, कारण रागात काहीतरी करायला हवं होतं. पान उलटलं, आणि मागे मीनाक्षीचं अक्षर दिसलं. ती कॅलेंडरच्या पाठीवर दूधवाला, वाण्याची यादी, काहीही लिहायची. या कॅलेंडरवर तिनं जीनचे शब्द लिहिले होते, त्या मंगळवारी आणि गुरुवारी जमवलेले. तनयाला तिचं अक्षर लागेना. खांबेट्यांनी मोठ्यानं वाचलं.

ऑइन, म्हणजे देणं लागणे. टिक, म्हणजे उधारी. स्ट्रॅप, म्हणजे तेच, पण दुकानात वहीवर मांडलेलं. डायव्हर, म्हणजे बुडालेला माणूस. पूर्वी अशाला म्हणे पिवळी टोपी घालून चौकात बसवायचे. फ्रिस्ट, म्हणजे मुदत देणे. त्यापुढे: जीनची आजी म्हणायची, फ्रिस्ट केलं म्हणजे माफ केलं असं नव्हे, आणि मागितलं असंही नव्हे. मनॉज, म्हणजे भिशी. ह्यांना सांगितलं, पटलं नाही.

सगळ्यात खाली, हात थकल्यावरच्या अक्षरात: माझा नंबर सहावा आला. खुर्ची घेतली. ह्यांना सेल सांगितला. चौदा हप्ते राहिले. जीन भरते आहे. म्हणते, फ्रिस्ट.

खांबेट्यांना सगळ्यात आधी काय वाटलं असेल, तर हिशोब चुकला. दोन हजार तीनशे एकोणऐंशी नव्हे. वर चौदा हप्ते, एकशे चाळीस. त्यांनी पेनही उचललं होतं. मग ते खुर्चीकडे पाहत बसले. बायको गेल्यानंतर सात शुक्रवार शेजारची म्हातारी तिच्या नावानं दहा पाउंड भरत होती, आणि त्याच दिवसांत त्यांनी तिला कामाला लावलेल्या बाईसारखा चेक दिला होता.

त्यांनी यादी पुन्हा वाचली. देणं लागणं होतं, उधारी होती, मुदत होती, बुडणंसुद्धा होतं. फिट्टंफाटीला शब्द नव्हता. जीनकडे तो असणारच, कुठल्या भाषेत नसतो? पण एवढ्या सगळ्या दुपारींत त्या दोघींना त्याची गरज पडली नव्हती.

“आता काय करणार?” तनयानं विचारलं.

“चिवडा नाही,” खांबेटे म्हणाले. “चिवड्यानं भागायचं नाही.”

नवी भिशी फेब्रुवारीच्या पहिल्या शुक्रवारी सुरू होत होती. खांबेटे चारला पाच कमी असताना शेजारी गेले. हातात काही नव्हतं, आणि रिकाम्या हातांचं काय करायचं हे त्यांना सुचत नव्हतं. जीननं दार उघडलं. तिनं डोळे बारीक करून पाहिलं.

“काय पायजे?” ती म्हणाली. “पावती?”

तासगाव! टोमणा होता, पण तासगावचा होता. खांबेट्यांना तिथेच, पायपुसण्यावर, बरं वाटलं.

“मनॉजमध्ये मीनाची जागा रिकामी आहे,” ते म्हणाले. “ती मला हवी.”

पुढच्या खोलीत रस्ता जमला होता. बलबीर सिंग होते, चौथ्या घरातली पोलिश नर्स होती, बाकीचे भिंतीला टेकून होते. मध्ये टेबलावर लोकरी टोपी. सगळ्यांना चेकची गोष्ट माहीत होती, हे त्यांच्या एकदम गप्प होण्यावरून खांबेट्यांना कळलं.

“जागा घे,” जीन म्हणाली. “आन् नंबर इसावा घे. शेवटचा. म्हंजे आधी समदं भरायचं, मग घ्यायचं. कुनाचं काय लागाय नको.”

“विसावा नको. पहिला द्या.”

बलबीर सिंगांना ठसका लागला.

“पयला चालवनारीचा अस्तो. माझ्या आईपास्नं.”

“माहीत आहे. तुम्ही मार्चअखेर जाणार. नऊ आठवडे होतील, अकरा उरतील. कुणीतरी चालवायला हवी.”

जीननं टोपीकडे पाहिलं. तिला ती बहुधा नीट दिसत नसावी. “ह्यांच्यात कुनालाबी चालवाय दीन,” ती म्हणाली. “तुला जमायचं न्हाई, लेका. तुला मी मागंच सांगितलंय.”

“नाही जमत,” खांबेटे म्हणाले. “तुम्ही शिकवा. तुमचे उपकार होतील.” पुढचं वाक्य त्यांनी दोन आठवडे आरशासमोर पाठ केलं होतं, तरी ते बाहेर येताना अडखळलं. “आणि ते मी फेडणार नाही.”

पोलिश नर्सनं हातातल्या दहाच्या नोटेची घडी केली, पुन्हा उघडली.

“एकबी पेनी?” जीननं विचारलं.

“एकही नाही.”

“शुक्रवारी न्हाई, नाताळाला न्हाई? माज्या दारात काय आनून ठेवनार न्हाईस?”

“नाही.”

जीन खाली बसली. टेबलाच्या खणातून तिनं भिशीची वही काढली, जुनी, निळ्या पुठ्ठ्याची. वहीत खूण म्हणून एक कागद घातला होता. खांबेट्यांनी तो चेक लांबूनही ओळखला.

“तो वटवला नाहीत,” ते म्हणाले.

“फ्रिस्ट केलाय.”

“पंधरा मेला बाद होईल तो. सहा महिने.”

“हू दे की,” जीन म्हणाली. “कागुद मरतोय, देनं कुटं मरतंय?”

आणि इथेच थांबायला हवं होतं. पण एकतीस वर्षांची लॅब माणसाला सोडत नाही. “आणि ते चौदा हप्ते,” खांबेटे म्हणाले, “एकशे चाळीस—”

“ते मीनाचं आन् माझं हाय,” जीन म्हणाली. “तू मदी पडू नगंस.” मग तिनं वही त्यांच्याकडे सरकवली. “बस हितं. पयलं नाव लिही. शाई नीट उठंल असं लिही, मला दिसाय पायजे.”

खांबेट्यांनी पहिल्या नंबरासमोर आपलं नाव लिहिलं. एकोणीस माणसांनी दहा-दहा पाउंड टेबलावर ठेवले, दहा त्यांनी स्वतःचे टाकले, आणि जीननं दोनशे पाउंड उचलून त्यांच्या हातात दिले. आयुष्यात पहिल्यांदा ते एका खोलीभर माणसांचं देणं लागत होते. त्यांचे कान लाल झाले. मीनाक्षी म्हणायची ती मजा हीच असेल तर ती फारच ओशाळवाणी होती, आणि ते दोनशे पाउंड घेऊन तिथे सहापर्यंत बसले.

नऊ शुक्रवार जीननं त्यांना शिकवलं. शिकवण्यासारखं फारसं नव्हतं, आणि जे होतं ते त्यांना अवघड गेलं. पैसे मोजायचे, पण माणसाच्या तोंडावर मोजायचे नाहीत. कुणी दोन पाउंड कमी दिले तर खाली बघायचं. कुणी आलंच नाही तर संध्याकाळी त्याच्या दारात जायचं, पैशांचं न बोलता तब्येतीचं विचारायचं. पोलिश नर्स एकदा चुकली तेव्हा खांबेट्यांनी तिच्या दारात उभं राहून तब्येतीची एवढी चौकशी केली की तिला आपल्याला काही झालंय की काय अशी शंका आली. जीनला ते कळलं तेव्हा ती भिंतीला धरून हसली. “मीना आस्ती तर मेली आस्ती हसून,” ती म्हणाली, आणि मग दोघंही जरा थांबली, कारण वाक्य तसं बरोबर नव्हतं. पण मीनाक्षीला ते चाललं असतं.

गुरुवारी कचऱ्याचा डबा पुन्हा रस्त्यावर दिसू लागला. आता दोन्ही डबे खांबेटे ओढत. जीन मागून सूचना देई.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी मुलगा गाडी घेऊन आला. फर्निचर आधीच गेलं होतं. जीन गाडीत बसली आणि काच खाली करून तिनं मांडीवरची काचेची बेकिंग डिश खांबेट्यांच्या हातात दिली.

“ही ऱ्हाऊ दे तुझ्याकडं.”

“परत कधी—”

“उदय,” जीन म्हणाली. एवढंच.

“हो,” खांबेटे म्हणाले. “राहू दे.”

एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारी रस्ता खांबेट्यांकडे जमला. टोपी टेबलावर होती, तिचं आता काही काम नव्हतं तरी. सगळे गेल्यावर साडेपाचला त्यांनी खुर्चीत बसून मेडनहेडला फोन लावला आणि वही वाचून दाखवली, एकेक नाव सावकाश. बलबीर सिंगांनी आठच दिले होते. “तू खाली बगितलंस?” “बघितलं.” “ब्येस.” पोलिश नर्सचा नंबर लागला, ती आईला बोलावून घेणार होती.

“आन् तू?” जीननं विचारलं. “तू किती ऑइन?”

“दहा हप्ते भरले,” खांबेटे म्हणाले. “शंभर पाउंड राहिले.”

“रस्त्याचं झालं. माझं?”

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. ओट्यावर काचेची डिश होती, तिच्यात त्यांनी सकाळी पोहे भिजवले होते. खांबेट्यांनी वहीत पाहिलं. जीनचं देणं त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि चेक अजून पान धरून होता.

“तो हिशोब काढला नाही,” ते म्हणाले.

“काडू नगंस,” मेडनहेडहून मीनाक्षीची मोठी मावशी म्हणाली. “फुडच्या शुक्रवारी कर फोन. हायेच मी.”